मित्र त्याला सोडून का गेले?

प्रश्न: ताई, बदलीमुळे आम्ही जूनमध्ये धुळ्याहून नाशिकला आलो. मी अंबडला कंपनीत आहे, घर सिडकोत. मुलगा आठवीत. धुळ्यात दिवसभर गल्लीत असायचा, इथे शाळेतून आला की मोबाइल घेऊन आतल्या खोलीत जातो. वर्गातली मुलं खानदेशी बोलण्यावरून त्याला 'भो' म्हणून चिडवतात, पण ते चालायचंच. मागच्या रविवारी आम्ही दोघांनी घरी 'किल्ला' हा मराठी सिनेमा पाहिला. संपल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, मित्र त्याला सोडून का गेले?" मी म्हटलं, "अरे, पिक्चर आहे तो." तो उठून गेला आणि मला तेव्हापासून चुटपुट लागली आहे. आमचे एक सहकारी म्हणतात, त्यात किल्ला म्हणजे मन, समुद्र म्हणजे आयुष्य, असा खोल अर्थ आहे. तो मुलाला कसा समजावून सांगू?
– एक बाबा, सिडको

दादा,

तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं चूक आहे असं नाही, पण ते तूर्त बाजूला ठेवा. मुलानं तुम्हाला किल्ल्याचा अर्थ विचारलेला नाही. मित्र का सोडून गेले, एवढंच विचारलंय. आणि पत्रात जे वाक्य तुम्ही 'ते चालायचंच' म्हणून अर्ध्यावर सोडलंत, त्या वाक्यातून तो प्रश्न आलाय असं मला ठामपणे वाटतं.

तो प्रसंग पुन्हा आठवून पाहा. वडील गेलेले, आईची बदली झाली म्हणून पुण्याहून कोकणातल्या गावात आलेला चिन्मय. नवे मित्र आत्ता कुठे जमलेत. सायकली दामटत सगळे किल्ल्यावर जातात, पावसाचं झोडपणं सुरू होतं, आणि हा एकटाच आत राहतो. हाका मारतो, कुणी ओ देत नाही. मला त्या प्रसंगात सगळ्यात खरी वाटते ती गोष्ट अशी की ती पोरं दुष्ट नाहीत. त्यांच्या लेखी तो खेळ होता, संपला, ती घरी गेली. चिन्मयच्या लेखी मात्र त्या दिवशी फार मोठं काहीतरी मोडलं. दिग्दर्शक अविनाश अरुण कुणालाही दोषी ठरवत नाहीत, कुणाकडून लांबलचक माफीही मागवत नाहीत. चिन्मय रुसतो, बोलणं टाकतो, आणि पुढे ती मैत्री हळूहळू पुन्हा रुळावर येते. माझ्या मते त्याचं वयात येणं इथे आहे. आपल्याला दुखावणारा माणूस वाईटच असतो असं नाही, हे त्याला कळतं, आणि तरीही दुखलं ते दुखलंच, हेही कळतं. ही दोन्ही एका वेळी मनात बाळगणं मोठ्यांनाही जड जातं.

तुमच्या मुलालाही वर्गात रोज हेच अनुभवावं लागत असणार. 'भो' म्हणणाऱ्यांतली दोन-तीन पोरं उद्या त्याचे जिवलग होतीलही. पण आज खानदेशी हेल लपवावा म्हणून तो तोंडच उघडत नसेल, तर ते 'चालायचंच' नाही.

बरं, मुलाला सिनेमा कळला नसेल ही काळजी सोडा. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात या सिनेमाला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार मिळाला, तो मुलांच्या परीक्षक मंडळानं दिलेला. त्या पोरांना ना मराठी येत होतं, ना कोकण ठाऊक होतं. कुणी अर्थ समजावून सांगावा लागला नाही त्यांना.

समजावून घ्यायचं राहिलंय ते कदाचित तुमचं. सिनेमातली आई आठवते? अमृता सुभाषनं केलेली अरुणा. सरकारी कचेरी, नवी माणसं, कागदांवरून येणारे दबाव, घरी आलं की घुम्या मुलासमोर जेवायला बसणं. तीही त्या गावात नवीनच आहे. पण मुलाला तिचं नवखेपण दिसत नाही, तिला त्याचं पुरतं दिसत नाही. आपण बाहेर बसून दोघांचं पाहतो आणि जीव तुटतो. दादा, तुम्हीही जूनमध्येच आलात ना नाशकात? जेवणाच्या सुट्टीत डबा कुणासोबत उघडता? पहिल्या आठवड्यात कुणी हाक मारली होती की एकटेच बसला होतात? हे घरी कधी बोललात? बहुतेक नसाल. बाप मंडळी हे बोलत नाहीत, आणि मग मुलाला वाटतं, या घरात फक्त मलाच करमत नाही.

म्हणून त्याला समोर बसवून "चल, आपण बोलू" असं करू नका, या वयातली मुलं अशानं आणखी मिटतात. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडी काढा आणि पेठ रस्त्यानं आशेवाडीला जा, रामशेज किल्ल्यावर. चढ फार नाही. मुघलांच्या वेढ्याचा इतिहास त्या दिवशी मुळीच सांगायचा नाही, मोह झाला तरी! चढताना माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत नाहीत, म्हणून बोलणं सोपं जातं. तिथे तुमच्या कंपनीतल्या पहिल्या आठवड्याचं सांगा, रंगवून नाही, जसं झालं तसं. मग म्हणा, "तू त्या दिवशी विचारलंस, मी उडवून लावलं. तुला काय वाटतं, का गेले असतील ते?" तो "माहीत नाही" म्हणाला तर तिथेच थांबा. खाली उतरून मिसळ खा आणि घरी या. उत्तर चार दिवसांनी, भलत्याच वेळी येईल, तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून ऐका.

घरात त्याच्याशी धुळ्यासारखंच बोला. "शुद्ध बोलत जा" असं त्याला कुणी, अगदी प्रेमानंसुद्धा, सांगत असेल तर ते बंद करा.

याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा, पण मुलाला आधी सांगून. त्याच्या पाठीमागे गेलात तर तोही एक सोडून जाणंच वाटेल त्याला. चिडवणं नुसतं नावापुरतं आहे की दप्तर लपवणं, ढकलाढकली, ग्रुपवरून काढणं इथवर गेलंय, ते विचारा. आणि जेवण-झोप बिघडली, शाळेत जायलाच नको म्हणू लागला, किंवा जगण्याबद्दल निराशेचं काही बोलला, तर वाट पाहत बसू नका. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन विनाशुल्क आहे, मराठीत बोलता येतं. पालकांनी केला तरी चालतो.

दिवाळीच्या सुट्टीत त्याला चार-सहा दिवस धुळ्याला पाठवा. दीडशे-एक किलोमीटर तर आहे. "तिकडे गेला की इथे रमणार नाही" असं नातेवाईक म्हणतील, त्यांचं ऐकू नका. एसटीचं आरक्षण मात्र आत्ताच करा, ऐन दिवाळीत जागा मिळत नाही.

– तुमची ताई