मागे चालण्यापूर्वी किती कळायला हवे?

प्रिय मित्रा,

तुझे पत्र सावकाश वाचले. येशूची शिकवण तुला पटते, शत्रूवरही प्रीती करण्याची त्याची आज्ञा तर तुला विलक्षण धाडसी वाटते. परंतु तो देवाचा पुत्र आहे असे जोवर मनापासून म्हणता येत नाही, तोवर स्वतःला त्याचा अनुयायी म्हणवून घेणे खोटेपणाचे ठरेल, असे तू लिहितोस. हा प्रामाणिकपणा मला आवडला. मात्र आधी सगळे कळावे आणि मगच पाऊल उचलावे, असा जो क्रम तू गृहीत धरला आहेस, तो शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचे जीवन सांगणाऱ्या बायबलमधील चार ग्रंथांत, मला आढळत नाही.

मार्काचे शुभवर्तमान उघडून पाहा. पहिल्याच अध्यायात गालील समुद्राच्या काठी येशू शिमोन आणि अंद्रिया यांना, व थोडे पुढे गेल्यावर याकोब आणि योहान यांना बोलावतो आणि ते जाळी सोडून त्याच्यामागे निघतात. हा कोण आहे असे तुम्हांला वाटते, हे त्या वेळी त्यांना कोणी विचारत नाही. तो प्रश्न येतो आठव्या अध्यायात, फिलिप्पाच्या कैसरीयाकडे जाताना. म्हणजे सोळा अध्यायांच्या ग्रंथाचा जवळजवळ अर्धा भाग शिष्य त्याच्याबरोबर चालतात, कुष्ठरोग्याला स्पर्श करताना, जकातदारांच्या पंक्तीला बसताना, वादळाला दटावताना त्याला पाहतात, आणि त्यानंतर येशू स्वतःच त्यांना उत्तर मागतो. पेत्र, म्हणजे तोच शिमोन, त्याला ख्रिस्त, म्हणजे देवाने पाठवलेला तारणारा, म्हणतो आणि ते उत्तर बरोबरच असते. पण आपल्याला दुःख सोसावे लागेल व जिवे मारले जाईल, असे येशू सांगू लागताच तोच पेत्र त्याला बाजूला घेऊन विरोध करतो आणि फार कठोर शब्द ऐकून घेतो. ओठांवर योग्य नाव असूनही त्याच्या मनात भलताच ख्रिस्त होता.

म्हणून तो प्रश्न टाळावा, असे मात्र मी सुचवत नाही. शिकवण घ्यावी आणि शिकवणाऱ्याला दूर ठेवावे, ही तडजोड मला टिकणारी वाटत नाही. डोंगरावरील प्रवचनात पूर्वजांना सांगितलेल्या वचनांपुढे तो ‘पण मी तुम्हांला सांगतो’ असे स्वतःच्या अधिकाराने ठेवतो. कफर्णहूमात छपर उसकटून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाला तो तुझ्या पापांची क्षमा झाली आहे असे सांगतो, तेव्हा देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो, ही शास्त्र्यांची, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडितांची, शंका अगदी रास्त असते. (शास्त्री आणि धर्मनियम काटेकोर पाळणारे परूशी यांना आपण फार लवकर मूर्खांत काढतो, पुष्कळदा प्रश्नाचे गांभीर्य आधी त्यांच्याच लक्षात येते.) या विषयी नेमके शब्द ठरवायला मंडळीलाही, म्हणजे ख्रिस्ती समाजालाही, ३२५ सालची निकियाची आणि ४५१ सालची खाल्केदोनची धर्मपरिषद गाठावी लागली. तू थोडा वेळ घेतलास तर त्यात वावगे काही नाही. फक्त तो वेळ काठावर उभे राहून घेऊ नकोस.

आता अनुसरण म्हणजे नेमके काय, हा तुझा दुसरा प्रश्न. एक ठरावीक यादी मिळावी अशी तुझी अपेक्षा दिसते, आणि येथेच येशू आपल्याला अडचणीत टाकतो. एका धनवान माणसाला तो सर्वस्व विकून गोरगरिबांना द्यायला सांगतो. यरीहो गावचा जक्कयही धनवानच, शिवाय जकातदारांचा मुख्य. त्याच्याकडे मात्र येशू केवळ त्याच्या घरी उतरण्याची इच्छा व्यक्त करतो, आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे व लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे जक्कय आपण होऊन बोलतो. समुद्रापलीकडच्या प्रदेशात भुतांच्या तावडीतून सुटलेला एक माणूस तर येशूबरोबर राहू द्यावे म्हणून विनवणी करतो, पण येशू त्याला नकार देऊन आपल्या माणसांकडे घरी परत पाठवतो. एकाला सोडून ये म्हटले, एकाच्या घरी तो स्वतः गेला, आणि ज्याला सोबत यायचे होते त्याला परत धाडले. त्यामुळे दुसऱ्याला मिळालेली आज्ञा उचलून आपल्यावर लादू नये, आणि आपल्याला मिळालेली दुसऱ्यावर तर मुळीच लादू नये. धनवान माणसाविषयी मार्क एक गोष्ट नोंदवतो, ती मला विशेष महत्त्वाची वाटते: येशूने त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्यावर प्रीती केली. तो खिन्न होऊन निघून गेला, तरी येशूने मागणी कमी केली नाही, आणि त्याला धाक घालून थांबवलेही नाही.

वधस्तंभाविषयी, म्हणजे क्रूसाविषयी, थोडे सविस्तर लिहितो, कारण या शब्दाचा गैरवापर फार होतो. रोमन राज्यात वधस्तंभावर खिळणे ही प्रामुख्याने गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखलेली शिक्षा होती, इ. स. पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यालगत सुमारे ६,००० कैद्यांना असे ठार करण्यात आले. रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या हुकमाने येशूला दिलेला मृत्यू हा त्याच जातीचा, भर रस्त्यावर अप्रतिष्ठा करणारा होता. तेव्हा आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे यावे, असे तो म्हणतो, त्याचा अर्थ प्रत्येक आजारपण किंवा प्रत्येक त्रासिक नातेवाईक असा होत नाही. तसेच मारहाण किंवा अन्याय सहन करणाऱ्याला हा तुझा वधस्तंभ आहे असे सांगून गप्प बसवणे, हे मी त्या वचनाचा अपमान समजतो. सत्य, क्षमा आणि दुबळ्यांची बाजू यांसाठी जी किंमत पडते, ती जाणूनबुजून पत्करणे, एवढेच मी त्यातून घेतो. दुसरा शुभवर्तमानकार लूक त्यात ‘दररोज’ असा शब्द घालतो. त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला एकच भव्य बलिदान न येता लहान लहान नकार येतात: खोट्या हिशेबावर सही न करणे, सूड घेण्याची संधी सोडून देणे.

हे एकट्याने करायचे नसते. येशूच्या बारा शिष्यांत रोमच्या अंकित सत्तेसाठी जकात गोळा करणारा मत्तय होता आणि जहाल म्हणून ओळखला जाणारा दुसरा एक शिमोनही होता. एकाच पंक्तीत बसताना त्या दोघांना काय वाटले असेल, याची कल्पना कर. न आवडणाऱ्या माणसांसकटची मंडळी शोध आणि तिथे नियमाने जा. तुझ्या शंका तिथे मोकळेपणाने मांडता येत नसतील, तर दुसरी शोध.

सध्या एवढेच कर की मार्काचे शुभवर्तमान एका बैठकीत वाच. एका संध्याकाळीच ते वाचून होते. वाचताना तू कोणत्या व्यक्तीपाशी अडलास, ते मला कळव. बहुतेक जण पेत्राचे नाव घेतात. तू दुसऱ्या कोणापाशी थांबलास तर आपल्या पुढच्या पत्राला चांगला विषय मिळेल.

तुझा हितचिंतक