वाफ, पाला आणि सुईण

प्रश्न: मेक्सिकोतलं ‘तेमास्कल’ हे वाफेचं स्नान म्हणजे उपचार की पूजाविधी?

उत्तर: दोन्ही. तिथल्या नाहुआ या मूळनिवासी समाजातल्या पारंपरिक सुइणी या दोहोंत फारकत करत नाहीत. दगडामातीची ठेंगणी, घुमटाकार खोली, आत रांगतच शिरायचं. तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं की वाफ उठते, आणि सुईण ओल्या पाल्याची जुडी बाळंतिणीच्या कमरेवर, पाठीवर थोपटत राहते. या स्नानगृहांची देवीसुद्धा आहे, तेमास्कलतोसी.

मी प्रसूतितज्ज्ञ, त्यामुळे मला जास्त ओढ सिवापात्ली या वनस्पतीची. १६व्या शतकात साहागुन या स्पॅनिश धर्मगुरूने नाहुआ जाणकारांकडून लिहून घेतलंय, की कळा मंदावल्या तर सुईण हिचा काढा देई, आणि तेवढ्याने भागलं नाही तर ओपोसम या पोटाला पिशवी असलेल्या छोट्या प्राण्याच्या शेपटीचा. शेपटीचं सोडा; सिवापात्लीने गर्भाशय आकुंचन पावतं हे २०व्या शतकात प्रयोगशाळेतही दिसलं. त्या बायकांचं निरीक्षण किती बारीक होतं! म्हणूनच कळकळीने सांगते, गरोदरपणी ती वनस्पती स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नका. हृदयविकार असेल तर तेमास्कलमध्ये शिरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.