परदेशात एमबीबीएसला निघण्याआधी एफएमजीईचं गणित समजून घे

एजंट फीचं बोलतो, भारतात प्रॅक्टिस करायच्या परवान्याचं क्वचितच. परदेशी पदवीवर तो मिळवायला एफएमजीई ही चाळणी परीक्षा पास व्हावी लागते. तू आधी परवान्याचंच तपास. 18 नोव्हेंबर 2021 नंतर प्रवेश घेणाऱ्यांसाठी एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) अटी स्पष्ट आहेत: किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत वेगळी 12 महिन्यांची इंटर्नशिप, इंग्रजी माध्यम, आणि त्या देशात तिथल्या नागरिकांसारखाच प्रॅक्टिसचा परवाना मिळण्याची पात्रता. सगळं 10 वर्षांच्या आत. एक अट जरी चुकली तरी पुढे हुशारी कामाला येत नाही, म्हणून विद्यापीठाकडून हे लेखी घे. नीट-यूजी पात्रता तर हवीच.

एफएमजीईत 300 प्रश्न, 150-150 चे दोन भाग, प्रत्येकी अडीच तास. पास व्हायला 150 गुण. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नकोस.

मुलं अडकतात ती बहुधा पीएसएममध्ये, म्हणजे सामाजिक आणि प्रतिबंधक वैद्यकशास्त्रात. परदेशी वर्गात भारताचं लसीकरण वेळापत्रक, क्षयरोग कार्यक्रम, आशा सेविकेची कामं कोण शिकवणार? फॉरेन्सिकमधल्या (न्यायवैद्यक) कायद्यांचंही तेच. आता भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात. हे दोन्ही विषय पहिल्या वर्षापासून भारतीय पुस्तकांतून वाच. मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग यांना वजन जास्त, पण ते वॉर्डात रुग्ण पाहिल्याशिवाय पक्कं होत नाही. त्यासाठी स्थानिक भाषा मनापासून शीक.

कागदपत्रांत पासपोर्ट, दहावीचं प्रमाणपत्र आणि पदवी यांवरचं नाव अक्षरशः एकच असू दे. वडिलांच्या नावाची जागा बदलली तरी अर्जात त्रुटी निघते. पदवीचं अपोस्टील (दुसऱ्या देशात कागद मान्य व्हावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) किंवा दूतावासाचं साक्षांकन तिथून निघण्याआधीच करून घे.