साक्षगंधाआधी घराला 72 हजारांचा रंग द्यावा का?

प्रश्न असा आहे: यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर तालुक्यातलं स्लॅबचं घर, 14 वर्षांचं, पाया काळ्या मातीत. दिवाळीला पेंटरने सात खिडक्यांच्या कडा आणि भिंतीच्या भेगा सिलिकॉनने भरल्या आणि वरून रंग दिला. मजुरी-सामान मिळून 8,500 रुपये गेले. आता त्या सगळ्या कडांवरून रंगाचे पापुद्रे निघताहेत. तालुक्याचा दुकानदार म्हणतो, वॉरंटीवाला भारी रंग घ्या, अख्ख्या घराचे 72,000. पैसे नसतील तर फायनान्स आहे, 12 टक्के, 18 महिने. हाताशी कापसाचा चुकारा आहे, 1,85,000. त्यातले 1,40,000 सोसायटीच्या पीककर्जाचे, 31 मार्चच्या आत भरायचे. एप्रिलमध्ये मुलीचं साक्षगंध. यजमान म्हणतात, कर्ज राहू दे, माफी येईलच, आधी घर रंगवू.

ताई,

आधी दोष कुठे आहे ते बघू. तो न समजता 72 हजार लावले, तर पुढच्या दिवाळीला तुम्ही मला हेच पत्र पुन्हा लिहाल.

तुमचा रंग वाईट नव्हता. सिलिकॉनवर रंग धरत नाही, एवढीच गोष्ट आहे. ओला रंग त्यावर पसरत नाही, थेंब थेंब होऊन मागे सरतो, आणि वाळून बसलाच तर नखाने निघतो. लिटरला दुप्पट भावाचा रंग आणला तरी यात फरक पडणार नाही, प्रायमर मारूनही नाही. त्यातून पेंटरने साधं, आंबट वासाचं सिलिकॉन वापरलं असेल (भरताना व्हिनेगरसारखा वास आला होता का, आठवून बघा), तर ते सिमेंटच्या गिलाव्यालाही नीट चिकटत नाही. वाळताना त्यातून आम्ल सुटतं आणि सिमेंट असतं अल्कधर्मी. ते काचेसाठी ठीक. भिंतीच्या कडेला सिलिकॉनच हवं असेल तर न्यूट्रल लिहिलेलं घ्यायचं.

वरून रंग द्यायचा असेल तर अॅक्रिलिक सीलंट घ्यायचं. पाण्यात मिसळणारं असतं, ओलं असताना ओल्या फडक्याने पुसता येतं, वाळल्यावर रंग धरतं. थोडं आक्रसतं, म्हणून खोल फटीत दोन वेळा भरावं लागतं. दुकानात गनने मारायच्या सगळ्याच ट्यूबला सिलिकॉन म्हणतात, त्यामुळे ट्यूबवर ‘पेंटेबल’ लिहिलेलं स्वतः वाचा. ‘सिलिकोनाइज्ड अॅक्रिलिक’ असेल तर चालेल, ते मुळात अॅक्रिलिकच. जास्त हालचाल असलेल्या बाहेरच्या सांध्यांना पॉलियुरेथेन चांगलं. तेही रंग घेतं, पण महाग आहे आणि हाताला लागलं तर निघता निघत नाही. न्हाणीत आणि मोरीच्या कडेला मात्र सिलिकॉनच ठेवा, तिथे अॅक्रिलिक टिकत नाही. तिथे रंग द्यायची गरजही नाही, पांढरी ट्यूब मिळते.

दुकानदार जे सांगणार नाही ते असं की खिडकीच्या चौकटीला लागून जिथे सिलिकॉन घट्ट बसलंय, तिथे ते काढूच नका. वरचे रंगाचे पापुद्रे खरवडा, पट्टी तशीच उघडी ठेवा, चिकटपट्टी लावून भिंतीचा रंग तिच्या कडेपर्यंत आणा. जिथे पेंटरने बोटाने सिलिकॉन भिंतभर फासलंय, तिथे मात्र ब्लेडने खरवडून पॉलिश पेपर मारल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण जुन्या सिलिकॉनवर अॅक्रिलिकसुद्धा बसत नाही. सगळं निघालं का, हे ओळखायला पाण्याच्या रंगाचा एक थेंब तिथे लावा. आकसून गोळा झाला तर अजून शिल्लक आहे.

याचा हिशोब तुमच्याकडच्याच दरांनी मांडते. 300 मिलीच्या ट्यूबमधून 6 मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल रेघ 8 मीटरच्या वर, म्हणजे 27 फुटांपर्यंत जाते. तुमच्या खिडक्या 4 बाय साडेतीन फुटांच्या, एकीचा घेर 15 फूट, सातींचा 105. सगळ्या कडा नव्याने भरायच्या ठरवल्या तरी चार ट्यूब. भेगा आणि वाया जाणारं धरून आठ घ्या. 220 प्रमाणे 1,760 रुपये. पेंटरची रोजी 900, खरवडण्यासकट तीन दिवस, 2,700. ब्लेड, पेपर, चिकटपट्टीला 300. झाले 4,760. समोरची खोली आणि ओसरी रंगवायचे पेंटरने 14,000 सांगितलेत, ते द्या. पाहुणे तिथेच बसणार आहेत. एकूण 18,760.

बाहेरून रंग आत्ता नको, आणि हे मी केवळ पैशासाठी म्हणत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, घर तिच्याबरोबर हलतं. एप्रिल-मेच्या उन्हात तुमच्या भेगा सगळ्यात रुंद होतील, पावसाळ्यात मिटतील. रुंद असताना भरलं तर पावसाळ्यात मसाला दाबून बाहेर येतो, मिटलेली असताना भरलं तर उन्हाळ्यात ताणून फाटतो. म्हणून बारीक भेगा आत्ताच, ऊन तापायच्या आधी भरून घ्या. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली, वर रुंद होत जाणारी जी भेग तुम्ही लिहिलीत, तिला मात्र ट्यूब लावूच नका. दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, पोळ्यापर्यंत बघा. वाढली तर इंजिनीअरला दाखवा. ते काम पायाचं आहे. आणि त्या वॉरंटीच्या कागदात भिंतीच्या भेगा आणि पायाची हालचाल वगळलेली आहे का, तेही एकदा वाचून घ्या.

आता कर्जाचं. फायनान्सचे 12 टक्के फ्लॅट आहेत. व्याज 12,960, हप्ता 4,720. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाणार, तरी व्याज पूर्ण 72 हजारांवर लागणार. खरा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. शेतीचा पैसा हंगामाला येतो, हप्ता दर महिन्याला जातो. हे कर्ज घेऊ नका.

सोसायटीचे पैसे रंगात घालणं त्याहून वाईट. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या व्याज सवलत योजनेत 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य पडतं. मुदत चुकली की सवलत गेली. 1,40,000 वर 7 टक्क्यांनी वर्षाचे 9,800 होतात, आणि मुदतीनंतर दर त्याहून चढतो. म्हणजे 72 हजारांचा रंग तुम्हाला 82 हजारांना पडला. शिवाय थकबाकीदार झालात की जूनमध्ये नवीन पीककर्ज नाही. बी-बियाणं, खत कशाने आणणार? तेव्हा सावकार किंवा फायनान्सवालाच दारात.

यजमानांना माफीबद्दल रागावू नका, 2017 आणि 2019 ला माफी आली होती हे खरंच आहे. पण 2019 च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत नियमित फेडणाऱ्यांसाठीही 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कम होती, हेही त्यांना सांगा. माफी येईल की नाही, कधी, कोणाला, यावर मुलीच्या वर्षाचा हिशोब बसवता येत नाही.

तेव्हा या आठवड्यात 1,40,000 भरून पावती घ्या. उरलेल्या 45,000 मधून 18,760 गेले की 26,240 राहतात. साक्षगंध तेवढ्यात बसवा, कपड्यांवर थोडा हात आखडावा लागेल. बाहेरच्या रंगाचे 58 हजार दिवाळीनंतरच्या कापसावर सोडा. पावसाळ्यात कुठे ओल येते ते तोपर्यंत दिसेल, कदाचित पूर्ण घर रंगवायची गरजही पडणार नाही.

पेंटरला ट्यूब आणायला पाठवू नका, स्वतः घ्या. उत्पादनाची तारीख बघा, टिनाच्या छताखालच्या दुकानात दोन-दोन उन्हाळे पडून राहिलेल्या ट्यूब मिळतात आणि त्या गनमधून नीट निघतही नाहीत. भरल्यावर ट्यूबवर लिहिलेल्या वेळेच्या आधी रंग लावू देऊ नका. जाड भरलेल्या जागी निदान एक पूर्ण दिवस जाऊ द्या, पेंटर कितीही घाई करत असला तरी.