वाचक विचारतात : अक्षरांवरचे सोने

प्रश्न : मध्ययुगीन युरोपातल्या हस्तलिखितांत मोठ्या आद्याक्षरांवरचे सोने पत्रा ठोकल्यासारखे उठून दिसते. मठांतले कारागीर ते कसे बसवत?

उत्तर : सोने म्हणजे नुसता पातळ वर्ख; उठाव त्याखालच्या लेपाचा. विरवलेल्या जिप्समची वस्त्रगाळ पूड, तिच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी शिशाचा सफेदा आणि सफेद्याहूनही कमी साखर, असे प्रमाण इटलीतला चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने १४००च्या सुमारास नोंदवले आहे. लेप पांढऱ्या चर्मपत्रावर दिसावा म्हणून त्यात चिमूटभर तांबडी माती पडे. (घरी करून पाहणाऱ्यांनी सफेदा वगळावा, शिसे विषारी आहे.)

हे मिश्रण अंड्याच्या पांढऱ्यात खलायचे. पांढरे आधी घट्ट फेस येईपर्यंत फेटून रात्रभर ठेवायचे आणि खाली उतरलेला पातळ द्रव तेवढा घ्यायचा. लेपात बुडबुडा राहिला तर तिथे टाचणीएवढा खड्डा पडतो आणि तो सोन्याखालीही लपत नाही. त्यावर उपाय म्हणून जुन्या कृतींत किंचित कानातला मळ घालायला सांगितले आहे. त्याच्या तेलकटपणाने बुडबुडे फुटतात.

लेप वाळला की सुरीने खरवडून गुळगुळीत करायचा. मग त्यावर तोंडाची वाफ सोडायची. साखर तो ओलावा धरून ठेवते, लेप क्षणभर चिकट होतो, तेवढ्यात वर्ख ठेवून दाबायचा. नंतर कुत्र्याच्या सुळ्याने किंवा हेमटाइटच्या गुळगुळीत दगडाने घोटायचा. खरी चकाकी येते ती या घोटण्यातून. लेपातले चिकटद्रव्य, म्हणजे अंड्याचे पांढरे, जास्त झाले तर पान वाकताना लेप तडकतो. कमी पडले तर भुगा होऊन वर्खासकट निघतो. साखर जास्त झाली तर घोटणी अडखळते आणि वर्ख फाटतो. कोरड्या हवेत तर वर्ख धरतच नाही.

रंग सोन्यानंतरच. आधी रंगवले तर वर्खाचे कण रंगातल्या चिकटद्रव्याला चिकटतात आणि घोटताना रंगही फरफटतो.

प्रश्न : ‘बुक ऑफ केल्स’ या आयर्लंडमधल्या बायबलच्या सचित्र हस्तलिखितातले सोने बाराशे वर्षे कसे टिकले?

उत्तर : त्यात सोने नाहीच. तो झळाळता पिवळा रंग हरताळाचा, म्हणजे आर्सेनिकच्या सल्फाइडचा. आपल्याकडचे पोथीलेखक चुकलेले अक्षर झाकायला वापरत तोच हा. मात्र तो शिशाच्या किंवा तांब्याच्या रंगांना भिडला की काळवंडतो, त्यामुळे त्याला शेजार निवडून द्यावा लागे.