नोकरी सांभाळून कार डिटेलिंग (गाडीची आतून-बाहेरून बारकाईने सफाई) करायचंय? हे ऐक

पॉलिशर घ्यायची घाई करू नकोस. रत्नागिरीत पावसाळ्यात गिऱ्हाईक येतं ते चमक गेली म्हणून नव्हे, गाडीत कुबट वास येतो म्हणून. जून ते सप्टेंबर मॅटखालचं कार्पेट धड वाळतच नाही. मॅट उचल, तळहाताने दाबून बघ. ओल लागली तर नुसता परफ्यूम मारून पैसे घेऊ नकोस. दरवाजाचं रबर आणि एसीची ड्रेन नळी तपास. पहिली खरेदी म्हणजे पाणी ओढणारा चांगला व्हॅक्यूम.

जांभ्याची लाल धूळ कोरड्या फडक्याने कधीच पुसायची नाही, पेंटवर ओरखडे उठतात. आधी भरपूर पाणी, मग दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत मिट (गाडी धुवायचा हातमोजा) खळबळायला साधं पाणी. विहीर मचूळ असेल तर शेवटचा हात गोड्या पाण्याचा. गाडी समुद्राच्या पुळणीत फिरवून आणली असेल तर चाकांच्या कमानीत आणि खालून फवारा मार, मीठ तिथेच बसतं.

शनिवार-रविवार दिवसाला एकच पूर्ण गाडी घे. गणपतीला चाकरमानी गाड्या घेऊन येतात, तेव्हाची रजा आत्ताच टाक. (कारण शोधायला नको!)

राज्य सरकारची नोकरी असेल तर 1979 चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम आधी वाच, परवानगीशिवाय धंदा करता येत नाही. खाजगी असेल तर नेमणूकपत्र बघ.

आणि पाणी मारण्याआधी गिऱ्हाईकासमोरच गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढ. नाहीतर जुना ओरखडा तुझ्या नावावर लागलाच म्हणून समज.