वॉरंटी राहू द्या, आधी विम्याचा कागद काढा

तुमच्या पत्राचा गोषवारा इतर वाचकांसाठी देतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पिकअप ट्रक कर्जावर घेतलाय. मागे ट्रेलर लावून तुम्ही खोदाईची छोटी यंत्रं भाड्याने पोचवता. चढावर गिअर सारखा चौथ्या-पाचव्यात वरखाली होतो. मेकॅनिकने गिअरबॉक्सचं ऑइल काढून दाखवलं, तर लाल असायला हवं ते तपकिरी झालेलं आणि त्याला जळका वास. गिअरबॉक्स नव्याने बांधायचा तर तुमची चार महिन्यांची निव्वळ कमाई जाईल. हे ऐकून विक्रेत्याने पाच वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी पुढे केली. तिची किंमत दीड महिन्याची कमाई, तीही १२ टक्क्यांच्या वाढीव कर्जात जोडून. वॉरंटी घ्यावी की मोठा ऑइल कूलर बसवावा, हा तुमचा प्रश्न.

कूलर बसवा. खर्च, तुम्हीच लिहिलंय त्याप्रमाणे, तापमानाच्या मीटरसकट दहा दिवसांची कमाई. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा शत्रू उष्णता. ओझं ओढताना टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग, लॉक न होता घसरत राहतो आणि ती सगळी उष्णता ऑइलमध्ये जाते. ढोबळ नियम असा की, साधारण ८० अंश सेल्सिअसच्या वर दर ११ अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे ११३ अंशांवर ते आठव्या हिश्श्यावर येतं. चढावर ‘टो-हॉल’ मोड, म्हणजे ओझं ओढण्यासाठीची गिअरची सेटिंग, लावा. तो नसेल तर वरचा गिअर बंद ठेवा, म्हणजे गिअरची ती वरखाली थांबेल. मीटरचा काटा चढत राहिला तर सुरक्षित जागी थांबून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि इंजिन चालू राहू द्या, म्हणजे ऑइल कूलरमधून फिरत राहील. जळकं ऑइल आधी बदलून घ्या. पुढचे बदल मॅन्युअलमधल्या कठीण वापराच्या तक्त्याप्रमाणे करा. बाटलीतून मिळणाऱ्या ‘गिअरबॉक्स टॉनिक’वर एक पैसाही घालवू नका.

आता वॉरंटी. दीड महिन्याची रक्कम पाच वर्षं १२ टक्क्यांनी फेडली की ती दोन महिन्यांची होते. गिअरबॉक्स नवा बांधण्याच्या खर्चाचा हा निम्मा भाग झाला. तो घरात न ठेवता तुम्ही विक्रेत्याला देणार, आणि बदल्यात काय मिळणार? तुम्ही जोडलेल्या अटींच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय: भाड्याने मालवाहतूक वगळली आहे, आणि वॉरंटी खरेदीच्या वेळी असलेले दोषही वगळले आहेत. तुमचं काम भाड्याचं आहे आणि ऑइल आजच जळलंय. पहिल्याच क्लेमला नकार येईल. तुमचा धंदा माहीत असून ज्याने हे तुमच्या गळ्यात घालायचा प्रयत्न केला, त्याचा मला राग आला आहे. सही करू नका. त्याऐवजी दरमहा निव्वळ कमाईतले सात टक्के वेगळ्या खात्यात टाका. पाच वर्षांत व्याज न धरताही चार महिन्यांची रक्कम जमते. गिअरबॉक्स टिकला तर ती तुमचीच.

इथे तुमचा प्रश्न संपतो, पण माझी काळजी पत्राच्या शेवटच्या ओळींपाशी सुरू होते. तुम्ही सहज लिहून गेलात: ‘विमा खासगी वापराचाच ठेवलाय, हप्ता जवळपास निम्मा पडतो. कर्जाला धाकटा भाऊ जामीन आहे.’

खासगी विमा घेऊन भाड्याचं काम करताना अपघात झाला, तर कंपनी ट्रकच्या नुकसानीचा क्लेम नाकारू शकते. ट्रेलर सुटून कुणाला लागला, तर त्या भरपाईचा बोजाही शेवटी तुमच्यावर येऊ शकतो, आणि त्या रकमेला वरची मर्यादा तुम्ही ठरवत नाही. ट्रक गेला तरी कर्ज उरतंच. तुमचे ३८ हप्ते बाकी आहेत. तुमची कमाई थांबली की बँक भावाकडे जाईल. हे सगळं तुम्ही वर्षाला आठ दिवसांची कमाई वाचवण्यासाठी अंगावर घेतलंय. गिअरबॉक्स फुटला तर चार महिने जातात. इथे मात्र दोन घरं अडचणीत येतात.

वजनाचंही तसंच. माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता ३.५ टन दिलीय आणि तुमचा भरलेला ट्रेलर ३.४ टनांचा, म्हणून तुम्ही निश्चिंत आहात. पण जोडवजनाची, म्हणजे भरलेला ट्रक आणि ट्रेलर मिळून होणाऱ्या वजनाची, मर्यादा वेगळी असते, आणि तुमच्या ट्रकची ती ५.८ टन आहे. रिकामा ट्रक २.२, तुम्ही, मदतनीस, इंधन आणि अवजारं मिळून अर्धा टन, त्यात ट्रेलर. बेरीज ६.१ टन. तुम्ही प्रत्येक खेपेला ३०० किलो जास्त ओढताय. ऑइल कशाने जळलं, याचं मोठं उत्तर इथेच आहे. कूलर उष्णता बाहेर टाकतो. तो ट्रकची मर्यादा वाढवत नाही, ब्रेकची तर नाहीच. आणि जादा वजनाची पावती हातात आली की विमा कंपनीला नकाराचं दुसरं कारण मिळतं.

तेव्हा क्रम बदला. उद्या विमा कंपनीला लेखी कळवा की वाहन भाड्याच्या मालवाहतुकीला वापरतो, ट्रेलरचाही पॉलिसीत उल्लेख हवा, आणि बदललेली पॉलिसी हातात येईपर्यंत एकही खेप घेऊ नका. वाहनाची नोंदणी खासगी असेल तर तीही बदलावी लागेल का, हे त्यांनाच विचारा. आठवडा-दोन आठवडे कमाई बुडेल. बुडू द्या. तेवढ्यात कूलर बसवून आणि ऑइल बदलून होईल. भरलेली जोडी एकदा वजनकाट्यावर घाला आणि मोठं यंत्र ५.८ टनांत बसत नसेल तर त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणा. त्याने तुमची कमाई किती घटते ते मला कळवा. सात टक्के झेपतात का, हे त्या आकड्यावरून पुन्हा बघू. आणि भावाला हे पत्र दाखवा. जामीन राहताना त्याला विम्याचं सांगितलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.